बुद्धिबळाचा पट आणि संधीची वाटणी

(गोंदिया येथील व्याख्यानाचा मजकूर)



२८ जुलै २०२५ रोजी जॉर्जिया देशातील बाटुमी या काळ्या समुद्राकाठच्या शहरी नागपूरच्या दिव्या देशमुख या १९ वर्षांच्या मुलीने कोनेरू हम्पीचा पराभव करून महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक जिंकला. हम्पीने ग्रँडमास्टर किताब मिळविला तो २००२ साली. तेव्हा दिव्याचा जन्मही झालेला नव्हता. अंतिम लढतीचे पहिले दोन डाव बरोबरीत सुटले आणि जलद डावांत निकाल लागला. या विजयाबरोबर दिव्या देशातील ८८ वी ग्रँडमास्टर झाली. भारतीय स्त्रियांत हा किताब मिळविणारी ती चौथी. नागपूरकरांनी तिचे विमानतळावर जंगी स्वागत केले आणि ऑगस्टमध्ये राज्य सरकारने तिला ३ कोटी रुपयांचे पारितोषिक दिले.

गोंदियाहून नागपूर गाडीने दोन-अडीच तासांचे. नागपूरचा आनंद गोंदियाने आपला मानला, यात नवल नाही. मात्र आनंदाचा भर ओसरल्यावर एक प्रश्न विचारणे आवश्यक ठरते. बाटुमीचा रस्ता नागपुरातून निघतो हे सिद्ध झाले. तो सालेकशातून, देवरीतून किंवा अर्जुनी मोरगावातून निघू शकतो काय? निघत नसेल तर तो नेमका कोठे अडतो? हा प्रश्न वरकरणी खेळाचा दिसला तरी वस्तुतः तो समाजातील संधीच्या वाटणीचा आहे.

वरून पाहता बुद्धिबळासारखा गरिबाचा खेळ दुसरा नाही. चौसष्ट घरांचा एक पट, बत्तीस मोहरी आणि समोर बसणारा एक माणूस, एवढ्यावर तो खेळता येतो. मैदान नको, पादत्राणे नकोत, सकस आहाराने कमावलेले शरीर नको. पट कोळशाने ओट्यावर आखला तरी चालतो. असे असता या खेळाच्या शिखरावर शेतमजुराची, विडी कामगाराची मुले अपवादानेच का दिसावीत? उत्तर असे की खेळ स्वस्त आहे. पेशा महाग आहे. या दोहोंमधील अंतर ध्यानात घेतल्याखेरीज ग्रँडमास्टरची कारकीर्द म्हणजे काय, हे समजणार नाही.

किताबाची किंमत

जागतिक बुद्धिबळ महासंघाने, म्हणजे फिडेने, १९५० साली ग्रँडमास्टर हा किताब औपचारिकरीत्या द्यावयास प्रारंभ केला. त्या वर्षी जगात २७ जणांना तो मिळाला. आज आजवरच्या किताबधारकांची संख्या दोन हजारांच्या वर गेली आहे. किताब मिळविण्याचे नियम काटेकोर आहेत. खेळाडूचे मानांकन २५०० पर्यंत पोचावे लागते आणि त्याखेरीज तीन वेळा, एकूण किमान २७ डावांत, त्याने २६०० मानांकनाच्या तोडीचा खेळ करून दाखवावा लागतो. यालाच नॉर्म म्हणतात. नऊ फेऱ्यांच्या स्पर्धेत प्रतिस्पर्ध्यांचे सरासरी मानांकन २३८० असेल तर नॉर्मसाठी नऊपैकी सात गुण हवेत. प्रतिस्पर्ध्यांत किमान तीन ग्रँडमास्टर हवेत, आणि सर्वसाधारणपणे ते निरनिराळ्या देशांचे असावेत, अशीही अट आहे.

नियमात गैर काही नाही. किताबाला जागतिक मोल यावयाचे तर कसोटीही जागतिक हवी. पण या नियमाकडे अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहिले की त्यातील एक अलिखित कलम दिसू लागते. जेथे परदेशी ग्रँडमास्टर एकत्र येतात, तेथे खेळाडूने स्वखर्चाने जावे, असे ते कलम आहे. अशा स्पर्धांची दाटी युरोपात आहे. नागपूरचाच संकल्प गुप्ता २०२१ साली देशाचा ७१ वा ग्रँडमास्टर झाला. त्याने तिन्ही नॉर्म सर्बियात लागोपाठच्या स्पर्धांत अवघ्या २४ दिवसांत मिळविले. हा पराक्रम असामान्य होय. पण तो करण्यासाठी सर्बियात असावे लागते आणि स्पर्धेमागून स्पर्धा खेळत तेथे राहावे लागते, हेही तितकेच खरे.

सर्वांना असे २४ दिवस लाभत नाहीत. समजा, एखाद्या गुणी खेळाडूला पाच स्पर्धांमागे एक नॉर्म मिळतो. म्हणजे तीन नॉर्मसाठी पंधरा स्पर्धा. प्रत्येकीला प्रवासासह दहा दिवस धरले तर दीडशे दिवस घराबाहेर. खेळाडू बारा-चौदा वर्षांचा असेल तर बरोबर पालक हवा. विमानाचे तिकीट दोघांचे, मुक्काम दोघांचा आणि पालकाची तेवढ्या दिवसांची मिळकत बुडालेली. हिशेबाच्या वहीत हा शेवटचा आकडा कोणी लिहीत नाही. वास्तविक तोच सर्वांत मोठा असतो. डिसेंबर २०२४ मध्ये सिंगापूर येथे डिंग लिरेनला ७.५ विरुद्ध ६.५ असे हरवून जगज्जेता झालेल्या गुकेशचे वडील शल्यचिकित्सक. मुलाबरोबर देशोदेशी फिरण्यासाठी त्यांनी आपला व्यवसाय थांबविला आणि घर आईच्या पगारावर चालले. त्या कुटुंबाचा त्याग मोठा होता, याबद्दल दुमत नाही. पण त्यागासाठीही आधी काही हाती असावे लागते. ज्या घरी आई आणि बाप दोघांच्या मजुरीवर चूल पेटते, तेथे एकाने मजुरी सोडणे याला त्याग म्हणत नाहीत; त्याला उपासमार म्हणतात.

एका पेशाचा इतिहास

बुद्धिबळावर पोट भरणे ही गोष्ट जगात कधीच सोपी नव्हती. १८८६ मध्ये अधिकृत जगज्जेता झालेला विल्हेल्म स्टाइनित्झ १९०० साली न्यूयॉर्कमध्ये दारिद्र्यात वारला. नामवंत गणिती असलेला इमॅन्युएल लास्कर मानधनासाठी घासाघीस करतो म्हणून त्याच्यावर टीका होई. स्टाइनित्झचा शेवट त्याने पाहिला होता, ही गोष्ट टीकाकार सोयीस्करपणे विसरत. १९३५ साली जगज्जेता झालेले मॅक्स यूवे गणिताचे शिक्षक होते. १९७२ मध्ये रेकयाविक येथे फिशरने पारितोषिकाच्या रकमेवरून सामना अडवून धरला. एका इंग्रज धनिकाने सव्वा लाख डॉलरची भर घालून ती दुप्पट केली, तेव्हा कोठे तो पटावर बसला. त्याला लोकांनी हट्टी म्हटले. पण श्रमाचा मोबदला आधी ठरवून घेणे हा हट्ट असेल, तर प्रत्येक कामगार संघटना हट्टीच म्हणावी लागेल.

आपल्याकडील इतिहासही याच वाटेने गेला आहे. १९५५ साली एलुरू येथे पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली आणि तिचे विजेतेपद महाराष्ट्राच्या रा. भि. सप्रे यांना आंध्रच्या वेंकय्यांबरोबर विभागून मिळाले. तरीही फिडेचा किताब सुरू झाल्यापासून पहिला भारतीय ग्रँडमास्टर होण्यास ३८ वर्षे लागली. १९८८ मध्ये विश्वनाथन आनंद तो झाला. १९९१ मध्ये दिव्येंदु बारुआ आणि १९९७ मध्ये मुंबईचे प्रवीण ठिपसे. राष्ट्रीय अजिंक्यपद सात वेळा मिळविणाऱ्या ठिपसे यांना हा किताब वयाच्या अडतिसाव्या वर्षी मिळाला. २००० साली पुण्याचे अभिजित कुंटे ग्रँडमास्टर झाले. पुढे २०१३ मध्ये नाशिकचा विदित गुजराथी, त्यानंतर अमरावतीचा स्वप्निल धोपाडे, २०१९ मध्ये अवघ्या तेराव्या वर्षी नागपूरचा रौनक साधवानी आणि २०२१ मध्ये संकल्प गुप्ता. आडतीस वर्षे आणि तेरा वर्षे! एका पिढीच्या अवकाशात किताबाचे वय एक-तृतीयांशावर आले.

या घसरणीचे कारण नव्या पिढीची बुद्धी अधिक तल्लख, असे मानणे भाबडेपणाचे होईल. ठिपसे यांच्या उमेदीच्या काळात परदेशी ग्रँडमास्टर येथे क्वचितच येत. खेळाची पुस्तके आणि ताजे डाव महिनोन्महिने हाती पडत नसत. आज संगणक प्रत्येक चालीचे मोल क्षणात सांगतो. साधने बदलली तसे वय बदलले. पण म्हणूनच दुसरा प्रश्न उपस्थित होतो. साधने स्वस्त झाली, तर मग विषमता कमी झाली काय?

स्वस्त ज्ञान, महाग शिडी

पुष्कळांचे म्हणणे असे की भ्रमणध्वनीने हा प्रश्न सोडविला आहे. जगज्जेत्यालाही हरवील असा बुद्धिबळाचा संगणक-कार्यक्रम खिशातल्या यंत्रात फुकट मिळतो. आमगावचा मुलगा मध्यरात्री अर्जेंटिनाच्या मुलाशी खेळू शकतो. हे खरे आहे आणि त्याचे स्वागतच केले पाहिजे. परंतु स्पर्धेतील स्थान ही सापेक्ष वस्तू आहे. सर्वांना एकच पुस्तक फुकट मिळाले तर सर्वांचे ज्ञान वाढते. क्रम मात्र वाढत नाही. ज्ञान सर्वांना सारखे मिळू लागले की क्रम ठरतो तो जे सारखे मिळत नाही त्यावर. चांगला प्रशिक्षक, वर्षातून वीस स्पर्धांचा सराव, प्रवास, आणि शाळा बुडाली तरी चालेल असे घर, या त्या सारख्या न मिळणाऱ्या गोष्टी होत. शिवाय फिडेचे पारंपरिक मानांकन पडद्यावर मिळत नाही. ते समोरासमोर, घड्याळ लावून, नोंदलेल्या स्पर्धेतच मिळते. म्हणून भ्रमणध्वनीने शिडीची पहिली पायरी सर्वांच्या अंगणात आणून ठेवली. शिडीचा वरचा भाग जेथे होता तेथेच आहे.

गोंदिया जिल्ह्याचा विचार केला की हे अधिक ठसठशीत दिसते. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा आठ तालुक्यांचा जिल्हा धानाचा, तलावांचा आणि जंगलाचा आहे. भात गिरण्या, विडीचे काम आणि तेंदूपाने यांवर येथील असंख्य कुटुंबांचे पोट चालते. बुद्धिबळाच्या मुलांच्या स्पर्धांचा हंगाम कोणता? उन्हाळ्याची सुटी. शहरातील मूल त्या सुटीत एका स्पर्धेतून दुसऱ्या स्पर्धेला जाते. जंगलकाठच्या गावात तोच हंगाम तेंदूपत्त्याचा असतो. पहाटे घर जंगलात जाते आणि दुपारी मुले-बाळे मिळून पानांचे पुडे बांधतात. त्या पंधरा-वीस दिवसांच्या मिळकतीवर खरिपाचे बियाणे आणि शाळेची वह्या-पुस्तके अवलंबून असतात. म्हणजे वेळापत्रक जरी कोणी दुष्टपणाने आखलेले नसले, तरी ते कोणाच्या सोयीचे आहे हे उघड आहे. विषमता बहुधा अशीच असते. तिला आज्ञा द्यावी लागत नाही. ती वेळापत्रकातच बसलेली असते.

याहून महत्त्वाची बाब पुढेच आहे. या पेशात यशस्वी होणाऱ्यांपेक्षा न होणारे कितीतरी अधिक असतात. दहा वर्षे घालवूनही नॉर्म अर्ध्या गुणाने हुकतो. किताब मिळाला तरी अन्न मिळेलच असे नाही, कारण दोन हजारांच्या गर्दीत किताबाचे दुर्मिळपण उरलेले नाही. २०२४ च्या जगज्जेतेपदाच्या सामन्याचा निधी २५ लाख डॉलर होता, आणि तो दोघांत वाटला गेला. त्या शिखराखालचे शेकडो ग्रँडमास्टर शिकवण्या करून, परदेशी क्लबांसाठी खेळून किंवा सरकारी उपक्रमातील नोकरीच्या आधारे संसार चालवितात. अशा पेशात पाऊल टाकण्यासाठी लागणारे खरे भांडवल कोणते? बुद्धी नव्हे, पैसाही पुरता नव्हे. अपयश परवडणे हेच ते भांडवल होय. दिव्याचे आईवडील डॉक्टर आहेत. त्यामुळे तिचे कर्तृत्व तिळमात्र उणे होत नाही. बाटुमीच्या पटावर चाली तिच्या तिनेच केल्या आणि त्या स्पर्धेला ती गेली तेव्हा तिच्या हाती एकही ग्रँडमास्टर नॉर्म नव्हता. पण ती जिंकली नसती तरी तिच्या घरचा दिवा विझला नसता. विडी वळणाऱ्या आईच्या मुलीला एकदा हरण्याचीही सवड नसते. संधीची समानता म्हणजे जिंकण्याची समान संधी, एवढाच अर्थ आपण घेतो. हरूनही पुन्हा उभे राहण्याची समान संधी हा तिचा अधिक खोल अर्थ आहे.

राज्याने काय करावे?

यावर सोव्हिएत रशियाचे उत्तर प्रसिद्ध आहे. क्रांतीनंतर तेथे बुद्धिबळ कामगारांत नेण्याची मोहीम निघाली. १९२५ मध्ये मॉस्कोत सरकारी खर्चाने आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली. पायोनियर भवनांतून लक्षावधी मुलांना फुकट शिक्षण मिळाले आणि १९४८ पासून १९७२ पर्यंत जगज्जेतेपद त्या देशाबाहेर गेले नाही. सार्वजनिक खर्चाने प्रतिभा फुलविता येते, हे त्या प्रयोगाने निर्विवाद सिद्ध केले. पण त्याची दुसरी बाजू झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. त्या मोहिमेचा सूत्रधार क्रिलेंको याला १९३८ साली त्याच राजवटीने गोळ्या घातल्या. १९७६ मध्ये देश सोडून गेलेल्या कोर्चनोईच्या कुटुंबाला अडकवून ठेवले, मुलाला तुरुंगात टाकले. राज्याने दिलेल्या भाकरीला राज्याची दोरी बांधलेली होती. लोकशाही समाजवाद मानणाऱ्यांनी यातून घ्यावयाचा बोध असा की सोय सार्वजनिक असावी, खेळाडू मात्र कोणाच्या मालकीचा नसावा.

आपल्याकडे दोरीचा प्रश्न कमी आणि वेळेचा अधिक आहे. विश्वचषकाबद्दल दिव्याला महासंघाकडून ५० हजार डॉलर, म्हणजे सुमारे ४३ लाख रुपये मिळाले. राज्य सरकारचे पारितोषिक त्याच्या सुमारे सातपट होते. तिला ते मिळाले हे उचितच झाले. त्यातला एक रुपयाही कमी असावा, असे येथे सुचवावयाचे नाही. म्हणणे एवढेच की आपले राज्य विजयानंतर उदार होते आणि विजयापूर्वीच्या दहा वर्षांत बहुतेक गैरहजर असते. ज्याचे पीक हाती आले त्याला बियाणे द्यावयाचे आणि ज्याने नुकती नांगरट केली त्याला शुभेच्छा, असा हा व्यवहार आहे. दुसरे ३ कोटी रुपये घ्या. या जिल्ह्याच्या आठ तालुक्यांत ते समान वाटले तर प्रत्येकी साडेसदतीस लाख होतात. दहा वर्षांवर पसरले तर तालुक्याला दरसाल पावणेचार लाख. एवढ्या पैशात एका तालुक्यात काय होईल? एक शिक्षक नेमता येईल, पंधरा-वीस शाळांत पट आणि घड्याळे देता येतील, आणि चार-दोन होतकरू मुलांना पालकासह नागपूरच्या स्पर्धांना पाठविता येईल. एका विजयाच्या बक्षिसाएवढ्या रकमेत एका जिल्ह्याची दहा वर्षे निघतात.

हे स्वप्नरंजन नव्हे. तामिळनाडू सरकारने २०१३ पासून सात ते सतरा वर्षांच्या शाळकरी मुलांसाठी बुद्धिबळाचा कार्यक्रम हाती घेतला. डिसेंबर २०२३ मध्ये त्याच राज्याच्या पाठबळाने चेन्नईत एक मोठी स्पर्धा झाली. ती जिंकून गुकेशला उमेदवार स्पर्धेत प्रवेश मिळाला आणि वर्षाच्या आत तो जगज्जेता झाला. घराजवळ भरलेली एक सार्वजनिक स्पर्धा काय करू शकते, याचे याहून बोलके उदाहरण नाही. आणि सरकारची वाट पाहणेही अपरिहार्य नाही. सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांच्या पुढाकाराने नूतन बुद्धिबळ मंडळाने दर उन्हाळ्यात स्पर्धा भरविण्याची परंपरा दशकानुदशके चालविली. महानगर नसलेल्या गावाचे नाव त्यामुळे देशाच्या बुद्धिबळात झाले. लोकांनी लोकांसाठी चालविलेली संस्था, हे महाराष्ट्राला नवे नाही. गोंदियाला तर रेल्वेचे मोठे जंक्शन आहे. तीन राज्यांची मुले येथे एका दिवसात येऊ शकतात. मानांकनाची नोंदलेली स्पर्धा येथे दरवर्षी भरावी आणि ती तेंदूच्या हंगामात न भरता धान घरात आल्यावर, पौष-माघात भरावी, एवढ्या मागणीला कोणाची हरकत असावी?

नॉर्मच्या स्पर्धांबाबतही तोच न्याय. २०२५ च्या नोव्हेंबरात खुला विश्वचषक गोव्यात भरला. जग येथे येऊ शकते, तर नॉर्मसाठी येथील प्रत्येक मुलाने जगभर का हिंडावे? नागपुरात दरवर्षी अशा दोन स्पर्धा सार्वजनिक निधीतून झाल्या, तर विदर्भातील डझनभर कुटुंबांची कर्जे वाचतील.

नोकरीचा मुद्दाही सुटता कामा नये. या देशात बुद्धिबळाचा पेशा टिकला तो मुख्यतः सार्वजनिक क्षेत्राच्या नोकऱ्यांवर. तेल कंपन्या, रेल्वे, विमान कंपनी यांनी खेळाडूंना पगार दिला आणि खेळण्यास रजा दिली. विशेषतः ज्यांच्यामागे घरची शेतीवाडी नाही, अशांसाठी ती नोकरी म्हणजे अपयशाचा विमा होता. सार्वजनिक उपक्रम विकले जातात तेव्हा ताळेबंदात मालमत्ता दिसते. हा विमा दिसत नाही. राज्याच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, पण भरतीच थांबली तर शून्याचे ५ टक्के शून्यच राहतात.

मुलींचा डाव

या संदर्भात मुलींचा विचार वेगळा केला पाहिजे. १९७४ साली महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा वासंती खाडिलकर यांनी जिंकली. त्यांच्या भगिनी जयश्री आणि रोहिणी यांच्यासह या तिघींनी पहिली दहा वर्षे ते विजेतेपद घराबाहेर जाऊ दिले नाही. १९७६ मध्ये तेरा वर्षांची रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली तेव्हा गदारोळ झाला, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. अखेर फिडेचे अध्यक्ष यूवे यांनी, म्हणजे त्याच गणिताच्या शिक्षकाने, स्त्रियांना कोणत्याही अजिंक्यपद स्पर्धेतून वगळता येणार नाही असा निर्वाळा दिला. दार कायद्याने उघडले. परंतु दारापर्यंतचा रस्ता? खेड्यातील मुलीला पंधराव्या वर्षी एकटीने नागपूरला पाठविण्यास घर तयार होत नाही. आणि बरोबर जाणाऱ्या आईची मजुरी कोणी भरून देत नाही. पालकाचा प्रवास आणि बुडालेली मजुरी यांचा भत्ता ही मुलाच्या बाबतीत सोय आहे. मुलीच्या बाबतीत ती खेळण्याची अटच आहे.

आक्षेप आणि उत्तर

कोणी म्हणेल की ज्या जिल्ह्यात धानाला भाव मिळत नाही, तरुण कामासाठी नागपूर-रायपूरला जातात, तेथे बुद्धिबळाची चर्चा ही चैन आहे. आक्षेप गैरवाजवी नाही. भाकरीचा प्रश्न पहिला, हे निर्विवाद. पण गरिबाने केवळ भाकरीचाच विचार करावा आणि बुद्धीचे खेळ इतरांनी खेळावेत, ही वाटणी मान्य केली की विषमतेला कायमचे घर मिळते. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. असल्या बेभरवशाच्या पेशाचे आमिष गरीब मुलांना दाखवावे काय? मुळीच दाखवू नये. म्हणूनच ग्रँडमास्टर घडविणे हे ध्येय धरता कामा नये. शंभर मुले खेळतील, त्यांतील नव्व्याण्णव किताबापर्यंत जाणार नाहीत. त्यांना चाल करण्यापूर्वी समोरच्याचे उत्तर शोधण्याची सवय लागेल, हरल्यावर हात मिळविता येईल, आणि शाळा सुटलेली नसल्याने परतीचा रस्ता शाबूत राहील. शंभरावी मुलगी पुढे गेली तर तिच्यामागे समाज उभा असावा. हिशेब एवढाच आहे.

जुन्या देशी पद्धतीच्या बुद्धिबळात अनेक ठिकाणी एक नियम होता. प्यादे शेवटच्या ओळीत पोचले की ते ज्या घरात पोचले त्या घरचे मोहरे होई. घोड्याच्या घरात गेले तर घोडा, उंटाच्या घरात गेले तर उंट. कोणत्या रांगेतून निघालास, यावर तू काय होणार हे बहुतांशी ठरलेले असे. आंतरराष्ट्रीय नियमाने ही अट काढून टाकली. आता कोणत्याही रांगेतले प्यादे वजीर होऊ शकते. पटावरचा जुना नियम आपण केव्हाच सोडला. पटाबाहेर तो अजून चालू आहे. गोंदियाच्या एखाद्या शाळेत आज संध्याकाळी पट मांडला जाईल, तेव्हा समोर बसलेल्या मुलीला हा फरक कळणार नाही. तो कळण्याची जबाबदारी मोठ्यांची आहे.